पाठमोरी फूटपट्टी

शहरातल्या एका मोठ्या दालनात सध्या आमच्या भागाचे जुने फोटो लावले आहेत. दगडी पूल, कौलांच्या कारखान्याचं धुराडं, पाण्याची टाकी, बाजाराची पत्र्याची शेड, बंधाऱ्यावर कपडे आपटणाऱ्या बायका, रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून गिऱ्हाइकाची दाढी करणारा न्हावी. सगळे फोटो माझ्या मामाने काढलेले. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे कौतुक ऐकायला तो नाही, आणि असता तरी दालनातले दिवे चुकीच्या बाजूला लावलेत म्हणून भांडून बाहेर पडला असता.

बघणारे लोक हात मागे बांधून हळूहळू पुढे सरकतात, आणि थोड्या वेळाने एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात येते. जवळजवळ प्रत्येक फोटोत एक मुलगी आहे. पुलाच्या कठड्याशी, धुराड्याच्या पायथ्याशी, टाकीच्या खांबाला टेकून. अंगात फ्रॉक, दोन वेण्या आणि आपल्याकडे पाठ. मी गेले त्या दिवशी एक गृहस्थ आपल्या बायकोला समजावत होते की ही मुलगी म्हणजे या भागाचा एकटेपणा आहे, कलावंताने तिला मुद्दाम पाठमोरी ठेवली आहे. बायको बिचारी मान डोलवत होती. मला गप्प बसता येत नाही, हे माझ्या घरचे सांगतीलच. मी म्हटलं, एकटेपणा वगैरे काही नाही, ती माझी मामेबहीण आहे आणि त्या फ्रॉकच्या खिशात भाजलेले शेंगदाणे आहेत. गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले आणि मग पुढच्या फोटोकडे निघून गेले.

तेव्हापासून हे एकदा नीट सांगून टाकावं असं मनात आहे. ती पाठमोरी का उभी आहे याचं उत्तर फार साधं आहे. त्या साध्या उत्तरानेच माझ्या मामाला आतून पोखरून काढलं.

मामाचं फोटोचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर, शिंपी आणि सायकलवाला यांच्या मध्ये होतं. पुढे फोटो काढायची खोली, उजेडासाठी छपराला एक मोठी काच बसवलेली. त्याच्या मागे डार्करूम आणि तिच्या मागे दोन खोल्यांचं घर. घरातला एकुलता एक नळ नेमका डार्करूममध्ये. त्यामुळे आत तांबडा दिवा लागला की मामीला पाणी मिळायचं नाही. मामी बाहेरून दार वाजवायची, चुलीवरचं करपतंय म्हणून सांगायची, आणि मामा आतून म्हणायचा, थांब जरा, चित्र येतंय. त्यांचा निम्मा संसार असा बंद दाराआडून झाला.

गावात मामाला त्याच्या नावाने कुणी ओळखत नसे. कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात डोकं घातलं की तो आतून खच्चून ओरडायचा, हलू नका. त्यावरून त्याचं नाव पडलं हलूनका. हलूनकांचं दुकान कुठे असं विचारलं तर शेंबडं पोरही बोट दाखवायचं. स्वतः मात्र मामा एका जागी ठरायचा नाही, पायाला भिंगरी. दुकानात गिऱ्हाईक नसलं की कॅमेऱ्याची पेटी आणि तीन पायांचा स्टँड सायकलला बांधून निघायचा आणि जे दिसेल ते टिपायचा. भट्टीतून कौलं काढणारे कामगार, वजनकाट्यावर पोती चढवणारे हमाल, पूल ओलांडणारी बैलगाडी. हे फोटो कुणी विकत घेत नसे. मामी म्हणायची, सगळं जग फुकटात काढून देणारा हा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला.

एकदा मात्र त्या हिंडण्याचा उपयोग झाला. बांधकाम खात्याच्या साहेबांना पुलाचे, टाकीचे, शाळेच्या इमारतीचे फोटो हवे होते. मामाने हौसेने काढून दिले. साहेब म्हणाले, फोटो छान आहे, पण ही टाकी दोन माणसं उंच आहे की दहा हे कळत कसं नाही? शेजारी कुणालातरी उभं करत जा. मामाने पुढच्या खेपेला एका मजुराला उभं केलं. मजुराला जन्मात पहिल्यांदा फोटोत उभं राहायला मिळालेलं, त्याने बत्तिशी दाखवली. साहेबांनी फोटो बघितला आणि विचारलं, मी पूल बघायचा की याचे दात?

ते मामाच्या मनाला फार लागलं. पण त्याला पटलंही. त्याने स्वतःशी नियमच करून टाकला, आणि तो सगळ्यांना ऐकवायचा की फोटोत चेहरा दिसला रे दिसला की माणूस चेहऱ्याकडेच बघतो, मागचा पूल बिचारा नुसताच उभा राहतो. म्हणून मापाला उभं करायचं ते पाठमोरं. आणि असं पाहिजे जे हलणार नाही, कारण त्या कॅमेऱ्याचं झाकण काढून मनात आकडे मोजायचे आणि मग झाकण लावायचं, तोवर माणूस जरा जरी डुलला की त्याचं धुकं होतं.

न हलणारं माणूस त्याच्या घरातच होतं. माझी मामेबहीण, त्याची एकुलती एक मुलगी. शाळेत जायला नुकती लागली होती तेव्हाच ती दगडासारखी उभी राहायची. अंगाने काटकुळी आणि सरळसोट. मामाने तिला नाव ठेवलं फूटपट्टी. चल गं फूटपट्टी, असं म्हणायचा अवकाश, की ही टुणकन उडी मारून सायकलच्या दांडीवर. पुढे मामीही तिला फूटपट्टीच म्हणायला लागली, शाळेतही तेच झालं. मला तिचा हेवा वाटायचा, कारण मला एकदा दांडीवर बसवून नेलं होतं आणि झाकण काढल्यावर मी घोटा खाजवला होता. मामाने मला परत कधी नेलं नाही.

तिची उंची मामाला कायम ठाऊक असावी लागे, नाहीतर माप कसलं? दर थोड्या दिवसांनी तिला दुकानाच्या चौकटीला टेकवून तो खूण करायचा. फोटोच्या मागे लोक तारीख लिहितात. मामा तिथे फूटपट्टीची उंची लिहायचा. कुठला फोटो आधीचा आणि कुठला नंतरचा हे आजही त्यावरूनच लावावं लागतं. दालनाच्या लोकांनी मला वर्षं विचारली तेव्हा मी त्यांना सांगितलं, वर्षं माहीत नाहीत, पण या फोटोत ती साडेतीन फूट होती आणि त्या फोटोत चारच्या वर गेली होती.

आता इतकी शहाणी मुलगी असली तरी मुलगीच ती. कधी कधी तिला मागे काय चाललंय ते बघायची लहर यायची. मामा कापडाखालून डोकं काढायचा, त्याचे केस पिंजारलेले असायचे, एका हातात झाकण, ओठ आकडे मोजण्यात हलत. हे सगळं आपल्या पाठीमागे घडतंय या नुसत्या कल्पनेने तिला हसू फुटायचं. मग ती वळायची. समोरून, पूर्ण, तोंडभर हसत. मामा झाकण आपटून ओरडायचा, गेली काच! तेव्हा फोटो काचेच्या तावदानावर निघायचा आणि काच काही फुकट येत नसे. ती जीभ चावायची, पुन्हा पाठ करायची आणि पुढचा फोटो व्यवस्थित यायचा. परत येताना दोघं शेंगदाणे खात यायचे. भांडण झालंच असेल तर ते बंधाऱ्यापाशी संपलेलं असायचं.

ज्या घरात गावाचे चेहरे काढले जात होते त्या घरात तिचा चेहरा कुणी काढला नाही. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. घरचं माणूस, कधीही काढता येईल, हीच भावना. तान्ही असताना एकदा काढायचा प्रयत्न झाला होता, तेव्हा ती झोपेतून उठून रडली आणि ढग उमटला. शाळेचा सगळ्या मुलांचा फोटो मामानेच काढला, पण त्यात ती नाही. तिला त्याने बाजूला पांढरी चादर धरून उभं केलं होतं, बाकीच्यांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. त्या फोटोत मी पहिल्या रांगेत आहे, आणि माझ्या गालावर जो छान उजेड आहे तो तिने पाडलेला आहे.

आम्ही दोघी बारातेराच्या होतो तेव्हा आमच्या भागात तापाची साथ आली. आधी सायकलवाल्याच्या घरात ताप शिरला, मग शिंप्याच्या, मग मामाच्या. सायकलवाल्याची मुलं उठली, शिंप्याची बायको उठली. फूटपट्टी उठली नाही. मला आत जाऊ दिलं नव्हतं. मी शिंप्याच्या ओट्यावर बसून होते, आणि आत मामीचा आवाज एकदम बंद झाला तेव्हा मला कळलं.

त्या दिवशी जे घडलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्याकडे घरात कुणी गेलं आणि त्याचा फोटो नसला की मामाला बोलावणं जायचं. मामा निमूटपणे पेटी घेऊन जायचा, गेलेल्या माणसाची मान सरळ करायचा, उशी नीट लावायचा आणि एक फोटो काढून द्यायचा. कित्येक घरांत तेवढाच फोटो असे. म्हणून शिंपी हळूच मामाजवळ आला आणि म्हणाला, "एक काढून ठेवा. नंतर हळहळ नको."

मामाने नकारार्थी मान हलवली. "तिचे फोटो कपाटभर आहेत माझ्याकडे," तो म्हणाला. "हसती खेळती पोर. तिचा असा कशाला काढू?"

जमलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सगळ्यांना त्याचं म्हणणं पटलं. मलाही पटलं. तिला नेलं, आणि तिच्याबरोबर तिचा चेहराही गेला. त्या वेळी हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, मामाच्याही नाही.

काही दिवसांनी मामी म्हणाली की तिचा एक चांगला फोटो मोठा करून द्या, समोर लावते. मामा लगेच उठला. त्याला काहीतरी करायला मिळालं म्हणून बरंच वाटलं असावं. कपाट उघडून त्याने सगळे फोटो फोटोच्या खोलीत जमिनीवर मांडायला घेतले. वरच्या काचेतून भरपूर ऊन येत होतं. मी आणि मामी दारात बसलो होतो. पूल आला, टाकी आली, धुराडं आलं, शाळा आली, बंधारा चारही बाजूंनी आला. मामा आधी झरझर मांडत होता, मग त्याचा हात मंदावला. तो एकेक फोटो उचलून डोळ्यांजवळ नेऊ लागला, जसं काही जवळून बघितलं तर ती वळेल. खोलीभर जमिनीवर ती उभी होती, लहानाची मोठी होत गेलेली, आणि सगळीकडे तिची पाठ.

मामी उठून फोटोंच्या मधून चालत गेली. तिने वाकून एक उचलला, त्यातल्या वेणीवरून अंगठा फिरवला. म्हणाली, या दिवशी रिबीन मिळत नव्हती, मी फडक्याची चिंधी बांधली होती. मग दुसरा उचलला, तिसरा उचलला. वेण्या तिनेच घातलेल्या, त्यामुळे तिला प्रत्येक पाठ ओळखू येत होती. शेवटी तिने विचारलं, "एकदाही वळली नाही का हो ती?"

"वळायची की," मामा म्हणाला. "सारखी वळायची."

"मग त्या काचा कुठे आहेत?"

मामा खाली बसला. मला वाटलं, फुटल्या असतील, हरवल्या असतील. पण तसं नव्हतं. खराब झालेली काच मामा टाकून देत नसे. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून त्यात ती भिजवायची, चित्राचा थर सुटला की ब्लेडने खरवडायचा, आणि लख्ख झालेली काच गिऱ्हाइकांच्या फोटोंच्या फ्रेमला बसवायची. फ्रेमची काच वेगळी विकत घ्यावी लागत नसे. सगळे फोटोवाले हेच करत. आमच्या भागात ज्या ज्या घरात भिंतीवर आजोबा, आत्या, नवरा-नवरी लटकत होते, त्यांच्यावर मामाने धुतलेल्या काचा होत्या. ती ज्या ज्या वेळी हसून वळली, ती प्रत्येक वेळ कुणाच्या ना कुणाच्या भिंतीवर होती, स्वच्छ पुसलेली.

"धुतल्यात?" मामीने विचारलं.

"खराब होत्या," मामा म्हणाला.

मामी रडली नाही, ओरडली नाही. हातातला फोटो तिने जिथून उचलला होता तिथेच परत ठेवला आणि आत जाऊन चूल पेटवली. मला मामाचा इतका राग आला होता की त्याच्या डोक्यात काहीतरी घालावं असं वाटलं. आणि त्याच वेळी त्याच्याकडे बघवतही नव्हतं.

पुढे मामाने एक नवीनच खूळ घेतलं. ते खूळ का लागलं तेही सांगायला हवं. फूटपट्टी लहान होती तेव्हा पिठाच्या गिरणीचा मालक आपल्या वडिलांचा फ्रेम केलेला फोटो घेऊन भांडायला आला होता. त्याचं म्हणणं, दुपारी तिरपं ऊन आलं की आमच्या तात्यांच्या डोक्यातून धुराडं निघतं. मामाला खोटं वाटलं. पण फ्रेम उन्हात तिरपी धरली आणि खरंच, काचेत पुसटसं धुराडं, तात्यांच्या बरोबर टाळूतून वर गेलेलं. काच नीट धुतली गेली नव्हती, जुनं चित्र तिच्यात राहिलं होतं. फूटपट्टी तर हसून हसून जमिनीवर लोळली होती. मामाने ती काच काढून दुसरी बसवून दिली. ही बदनामी त्याला पुन्हा नको होती, म्हणून तेव्हापासून तो प्रत्येक काच दोनदा धुवायचा, वर राखेने घासायचा. धुराड्याची ती काचही त्याने पुन्हा घासून टाकली. त्या काचेवर ती वळली होती हे त्याला पक्कं आठवत होतं.

पण त्या भांडणाच्या आधीच्या काचा? त्या तर एकदाच धुतलेल्या. त्यातल्या एखाद्या काचेत काही राहिलं असेल तर? या एका आशेवर मामा सायकल काढून घरोघर जाऊ लागला. कॅरिअरला नव्या काचा, गोणपाटात गुंडाळलेल्या. तुमच्या फोटोची काच बदलून देतो म्हणायचा. लोकांना कळेना, हलूनकाला एकदम झालंय काय? पण नवी काच कुणाला नको असते? मामा ओट्यावर बसून फ्रेम उलटी करायचा, खिळे काढायचा, जुनी काच आपल्या काळ्या कापडावर ठेवायचा, तिच्यावर तोंडाने वाफ सोडायचा आणि वाकून वाकून बघत बसायचा. लोक आडून बघायचे. कुणी म्हणायचं दुःखाने डोकं फिरलं, कुणी घरातून पाण्याचा तांब्या आणून द्यायचं. वर्षानुवर्षं हे चाललं. काही घरांत तर तो विसरून दोनदा गेला आणि आपणच बसवलेली नवी काच बदलून आला. विचारलं की एकच उत्तर, हिला फोटो हवाय.

मधल्या काळात खात्याची कामं चालूच होती. मामाने सुताराकडून एक काळे-पांढरे पट्टे ओढलेला दांडा करून घेतला आणि मापाला तो उभा करू लागला. साहेबांना दांडा फार आवडला. ते म्हणाले, हे आधीच का नाही सुचलं?

काचांमधून मामाला कधी पुलाचा कठडा सापडला, कधी आभाळाचा तुकडा. बऱ्याचशा काचांत काहीच नव्हतं. भांडणाच्या आधीही त्याचं काम चोखच होतं. मग एके दिवशी तो दुपारीच परत आला, सायकल भिंतीला न टेकवता तशीच आडवी टाकली, आणि आत येऊन काळं कापड जमिनीवर पसरलं. मी तेव्हा लग्न होऊन गेलेली, माहेरी आले की मामाकडे एक चक्कर ठरलेली, म्हणून तिथे होते. त्याने कापडावर एक काच ठेवली. सगळी काच कोरी. फक्त खालच्या कडेला, जिथे धुताना त्याने ती चिमटीत धरली असणार, तिथे बोटभर जागेत चित्र राहिलं होतं. माती, दोन दगड आणि दोन पाय. पायांत तिच्या त्या पट्ट्याच्या चपला.

मामी बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "बोटं आपल्याकडे आहेत."

खरंच होतं. ती वळली होती. पायांच्या वर सगळं धुतलेलं होतं, पण ती आमच्याकडे तोंड करून उभी होती. मी तिथून उठून मागच्या अंगणात गेले आणि रडून घेतलं. ती काच आता माझ्याकडे आहे. दालनाच्या लोकांना मी ती दाखवलेली नाही.

मला वाटलं होतं यानंतर मामा थांबेल. उलट त्याला जोरच चढला. पाय राहिले, तर आणखीही काही राहिलं असेल. तोवर त्याचे गुडघे गेले होते, सायकल चालवण्यापेक्षा तो ती ढकलतच जास्त नेत असे. माझ्या पुढच्या खेपेला मी पोचले तर तो पुन्हा कॅरिअरला काचा बांधत होता, आणि मामी दारात आडवी उभी होती.

"आता बस करा," मामी म्हणाली. "लोक हसतात म्हणून नाही म्हणत मी. मलाच नको आता फोटो. मी डोळे मिटले की ती येते समोर, लख्ख दिसते. मग कशाला पायपीट?"

मामा दोरीची गाठ मारता मारता थांबला. "मला नाही दिसत," तो म्हणाला.

"काय नाही दिसत?"

"डोळे मिटले की पाठच येते. वेण्या येतात, फ्रॉकचा पट्टा येतो. मी हाक मारतो, ती वळते, आणि तिथे काहीच नसतं. धुतल्यासारखं." त्याने दोरी सोडून दिली. "तुझ्यासाठी शोधतोय म्हणत होतो ना, ते खोटं होतं. मी माझ्यासाठीच हिंडतोय. मला माझ्या पोरीचं तोंड आठवत नाही गं."

मामी हे इतकी वर्षं जाणून होती की नाही, मला सांगता येणार नाही. तिने त्याच्या हाताला धरून त्याला आत आणलं आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर, वरच्या काचेच्या उजेडात बसवलं. दुसरं स्टूल ओढून ती त्याच्या समोर बसली.

"कपाळ तुमचं होतं," ती म्हणाली. "हात लावून बघा."

मामाने स्वतःच्या कपाळाला हात लावला. सुरकुत्यांवरून बोटं फिरवत राहिला.

"रुंद होतं. मधोमध एक शीर होती, चिडली की दिसायची. नाक माझं. इकडे बघा ना, खाली काय बघताय? असंच, टोकाला जरा फेंदारलेलं. डोळे हिच्यासारखे," असं म्हणून तिने माझ्याकडे हात केला, "पण हिच्याइतके आगाऊ नाहीत."

मामाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चाळिशी कपाळावर चढवून, जवळ येऊन, त्याने माझे डोळे पाहिले. मी उभी होते तिथे तशीच उभी राहिले, माझ्या डोळ्यांत पाणी जमलं होतं तरी पापणी लवू दिली नाही. मग तो परत मामीकडे वळला. एवढ्या संसारात तो तिच्याकडे इतका वेळ, कॅमेऱ्याशिवाय, बघत बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

मामी सांगत गेली. डाव्या भुवईत खोक होती, चौकटीला आपटून झालेली. हनुवटी तुमच्या बहिणीची. कान जरासे पुढे आलेले, म्हणून मी वेण्या त्यांच्यावरून घ्यायची. प्रत्येक गोष्टीला मामा मान हलवायचा, मोजताना हलायचे तसे त्याचे ओठ हलायचे.

"आणि हसायची कशी?" त्याने विचारलं.

मामीने सांगायला तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, हात थोडा वर नेला आणि खाली घेतला. "ते नाही सांगता येत," ती म्हणाली. "ते कुणासारखं नव्हतं. ते तिचंच होतं."



"हसू आलं की वळायची," तो म्हणाला. "आणि वळली की मी काच धुवायचो."

मामीने त्याला नाही म्हटलं नाही. तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला, आणि मी बाहेर जाऊन सायकलवरच्या काचा सोडून आत आणल्या.